अपघातग्रस्त मोटारीची दुरुस्ती व विम्याचा हिशेब

ऐन हंगामांत शेतकऱ्याची मोटार आपटली म्हणजे नुकसान केवळ पत्र्याचें होत नाहीं. बाजाराच्या फेऱ्या अडून राहतात. त्यामुळें मालक घाई करितो, व त्या घाईचा खर्च पुढें त्याच्याच अंगावर पडतो.

विम्याचा दावा मंजूर झाला म्हणजे सगळें बिल कंपनीनें उचललें, असा पुष्कळ बांधवांचा समज दिसतो. तसें नाहीं. जुना भाग काढून नवा घातला कीं सर्वसाधारण पॉलिसींत घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांची निम्मी किंमत वजा होते. कांचेवर मुळींच घसारा नाहीं. धातूच्या भागांस मात्र गाडीचें वय लागू पडतें : पहिले सहा महिने कांहीं नाहीं, दुसऱ्या वर्षीं १० टक्के, पांचव्या वर्षीं ३५, दहा वर्षांनंतर ५०. साडेचार वर्षांच्या घरगुती मोटारीस १२,००० रुपयांचा लोखंडी दरवाजा व ८,००० रुपयांचा प्लास्टिकचा बंपर घातल्यास अनुक्रमें ४,२०० व ४,००० मिळून ८,२०० रुपये मालकाचे. सक्तीची वजावट निराळीच. मजुरीवर घसारा नसतो. ‘शून्य घसारा’ ही जोड जादा हप्ता देऊन घेतली असल्यास हा भार बहुतेक टळतो. भाडोत्री मालगाडीचें तर त्याहून कठीण : तेथें बंपर, दिवे व रंग यांसाठींही वेगळी जोड घ्यावी लागते, हें हप्ता भरतांना कोणी आपण होऊन सांगत नाहीं.

सर्व्हेअरनें पाहिल्यावांचून गाडी खोलूं देऊं नये. गारपिटीनंतर शेत नांगरून टाकलें तर पंचनामा कशाचा करावयाचा? तसेंच हें आहे. खोलल्यावर आंत आणखी मोडतोड निघाली, तर काम थांबवून पुन्हा पाहणी मागावी व बदललेले जुने भाग राखून ठेवावे.

लहानशा खरवडीसाठीं दावा करणें आम्हांस फायद्याचें वाटत नाहीं. पांच वर्षें दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यांत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एका दाव्यानें ती जाते.

गॅरेजवाला समाधानपत्र पुढें करील. चार-पांच कोस गाडी चालवून, ब्रेक व सुकाणू पाहूनच त्यावर सही करावी. रकमेबद्दल तंटा उरल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून तारखेची पोंच घ्यावी. महिनाभरांत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याचें एक कार्यालय पुण्यास आहे, व तेथें फी पडत नाहीं.