बंदुकीच्या गुन्ह्यांचा हिशेब सरकार कसा ठेवते?

‘देशी कट्ट्यासह दोघे अटकेत’ ही बातमी इंदूरच्या वर्तमानपत्रांत नवी नाही. सिमरोल तर इंदूर-खंडवा-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे गाव. खरगोन जिल्ह्यातील सिगनूर, बडवानीतील उमर्टी, बऱ्हाणपूरमधील पाचोरी ही नावे बेकायदा पिस्तुलांच्या संदर्भात वारंवार छापून येतात आणि ती सारी आपल्याच निमाडच्या पट्ट्यातली आहेत. वार्षिक आकडे जाहीर झाले की ‘शस्त्रांचे गुन्हे इतके वाढले’ असे संदेश आपल्या ग्रुपवरही फिरू लागतात. पण हा आकडा तयार कसा होतो, हे कळल्याशिवाय ‘वाढले’ या शब्दाला फारसा अर्थ नाही.

ठाण्यापासून दिल्लीपर्यंत

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे, म्हणून गुन्ह्यांची मूळ नोंद राज्य सरकारचीच. सिमरोल ठाण्यात एफआयआर झाला की तो सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत चढतो. ही योजना केंद्राने २००९ मध्ये मंजूर केली. एफआयआर, घटनास्थळाचा तपशील, अटक, जप्ती आणि अंतिम अहवाल यांसाठी वेगवेगळे ठरावीक नमुने आहेत. कट्टा सापडला तर त्याचे वर्णन जप्तीच्या नमुन्यात येते.

तिथून माहिती जिल्ह्याच्या अभिलेख शाखेकडे, मग भोपाळच्या राज्य गुन्हे अभिलेख ब्यूरोकडे आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोकडे (एनसीआरबी) जाते. एनसीआरबीची स्थापना १९८६ ची, पण ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. इंदूर शहरात डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. सिमरोल मात्र इंदूर ग्रामीणमध्ये आहे. म्हणून ‘इंदूरचा आकडा’ वाचताना तो शहराचा की ग्रामीणचा, हे आधी पाहावे.

एक एफआयआर, एकच खाते

बँकेत एका व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, एक नावे आणि एक जमा. इथे उलटे आहे. एका एफआयआरमध्ये चार कलमे असली तरी त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. गोळी घालून खून झाला आणि खुनाबरोबर आर्म्स ॲक्टचे कलमही लागले, तरी तो प्रसंग फक्त ‘खून’ या शीर्षाखाली जातो. आर्म्स ॲक्टच्या रकान्यात तो दिसतच नाही.

दुसरे म्हणजे आर्म्स ॲक्ट, १९५९ हा केवळ बंदुकांचा कायदा नाही. अधिसूचित क्षेत्रात ठरावीक मापापेक्षा मोठ्या पात्याचा सुरा बाळगल्यासही याच कायद्याखाली गुन्हा नोंदतात. म्हणजे या रकान्यात गोळीबाराने झालेले खून नाहीत, पण चाकू-सुऱ्यांची प्रकरणे आहेत. बंदुकीने झालेल्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू तर एनसीआरबीच्या वेगळ्याच अहवालात असतात.

तिसरे असे की शस्त्र बाळगल्याचा गुन्हा बहुधा पोलिसांनी झडती घेतली तरच नोंदला जातो. निवडणुकीच्या काळात तपासणी वाढली की गुन्हेही वाढलेले दिसतात. तो आकडा हिंसाचाराइतकाच पोलिसांच्या हालचालीचाही असतो. झडत्या थांबल्या तर आकडा खाली येईल, कट्टे मात्र तेवढेच राहतील.

पकडले कुठे, बनले कुठे?

निमाडात बनलेले पिस्तूल पुण्यात पकडले गेले तर गुन्हा पुण्याच्या ठाण्यात मोजला जातो. कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर क्रमांक असतो, परवाना राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असतो. देशी कट्ट्याला ना क्रमांक, ना बिल. त्याचे मूळ शोधायला आरोपीची चौकशी आणि दोन राज्यांच्या पोलिसांचा समन्वय यांवरच भर द्यावा लागतो. उमर्टी नावाचे गाव तर सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, एक बडवानीत आणि एक जळगावच्या चोपडा तालुक्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी बडवानीच्या उमर्टीत येऊन कारवाई केली, ती याच साखळीचा माग काढत.

दराचाही घोळ आहे. गुन्ह्याचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात. महानगरांसाठी मात्र २०११ च्या जनगणनेचीच लोकसंख्या धरली जाते. इंदूर त्यानंतर किती फुगले, हे आपण पाहतोच. भागाकारातला छेद जुना राहिला की दर आपोआप चढा दिसतो.

अमेरिकेने काय केले?

आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, म्हणून ही तुलना. तिथेही १९३० पासूनच्या राष्ट्रीय पद्धतीत एका घटनेतला मुख्य गुन्हाच मोजत. २०२१ पासून नव्या पद्धतीत घटनेतला प्रत्येक गुन्हा आणि वापरलेले शस्त्र नोंदवले जाते. शिवाय २००२ मध्ये सहा राज्यांपासून सुरू झालेली एक योजना पोलिसांची नोंद, मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल एकत्र जोडते. आज ती सर्व ५० राज्यांत आहे. त्यामुळे बंदुकीने किती मेले, कोणत्या वयाचे आणि कोणत्या कारणाने, हे एकाच ठिकाणी कळते. नुसत्या मोजणीने बंदुका कमी होत नाहीत, हेही तिथे दिसतेच. पण उपाय कुठे हवा, ते मोजणीशिवाय ठरत नाही.

मध्य प्रदेशात हे तुकडे आहेत. ठाण्याची जप्ती आहे, सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आहे, शवविच्छेदन आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडचा परवाना आहे. ते एका प्रकरणाखाली जोडून ‘बंदूक’ या शीर्षाने दरवर्षी जाहीर झाले, तर सिमरोलच्या रस्त्यावर नाका हवा की निमाडच्या कारागिरांना दुसरा रोजगार हवा, यावर अंदाजाऐवजी आधाराने बोलता येईल.

आपण काय करावे?

आकडा पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. कोणता कायदा? शहर की ग्रामीण? कोणते वर्ष? (२०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला.) आणि दर काढताना लोकसंख्या कधीची धरली?

काही कुटुंबांत आजोबांची जुनी बंदूक असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात. परवानाधारक वारले असतील तर ती बंदूक तशीच कपाटात ठेवू नका, ठाण्यात कळवून रीतसर जमा करा किंवा वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करा. लग्नाच्या वरातीत हौसेने गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे घरातल्या तरुणांना आधीच सांगून ठेवा.