कॅम्पसपासून बेंचपर्यंत: आयटी नोकरीची साडेतीन दशके

1991 नंतर मराठी मध्यमवर्गीय घरांचे नशीब आयटी कंपन्यांनी जेवढे पालटले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या उद्योगाने पालटले असेल. टीसीएस 1968 पासून मुंबईत होती. 1981 साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस दोन वर्षांत बंगळूरला गेली. पण उदारीकरणानंतर हा धंदा खरा फोफावला आणि हिंजवडीच्या शेतजमिनीवर आयटी पार्क उभे राहिले. या काळाचा हिशेब मांडताना सुखे एका बाजूला आणि तक्रारी दुसऱ्या बाजूला लिहिण्याची सवय आहे. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे: मोठ्या कंपनीने माणसाला घेतले ते एका सुट्या भागासारखे. म्हणूनच इतक्या जणांना आत जाता आले आणि म्हणूनच आत गेलेल्यांची घुसमट झाली.

आधी जमेची बाजू. कॅम्पस भरतीत एक अॅप्टिट्यूड टेस्ट, एक-दोन मुलाखती, की ऑफर लेटर हातात. वशिला लागत नसे. सिव्हिल किंवा मेकॅनिकलची मुलेही घेतली जात आणि पगार देऊन त्यांना काही महिने कोडिंग शिकवले जाई. पगार वेळेवर, पीएफ, आरोग्यविमा, पुढे ऑनसाइटची संधी. टीसीएसमध्ये आज तिसऱ्या हिश्शाहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत. हे दार सर्वांना उघडे नव्हते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. साठ टक्क्यांची अट, इंग्रजी आणि इंजिनिअरिंगची फी या चाळणीतून गरीब आणि दलित घरांतली मुले मोठ्या संख्येने गळाली. तरीही ओळखीपाळखीवर चालणाऱ्या खासगी नोकऱ्यांच्या तुलनेत ही भरती अधिक मोकळी होती.

कंपनीला हा मोकळेपणा परवडला, कारण ग्राहकाला बिल लागते ते माणशी आणि तासाप्रमाणे. वर थोडे अनुभवी, खाली भरपूर फ्रेशर, अशा उतरंडीवर नफा ठरतो. अशा रचनेत एकाच्या जागी दुसरा बसवता आलाच पाहिजे. प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर येतो: रोज कार्ड स्वाइप करायचे, रेझ्युमे अपडेट करायचा, अंतर्गत मुलाखती द्यायच्या आणि जे काम मिळेल ते घ्यायचे, मग ते आपल्या कौशल्याचे असो वा नसो. 2025 मध्ये टीसीएसने बेंचची मर्यादा वर्षाला 35 दिवसांवर आणली. अप्रेझलमध्ये बेल कर्व्ह आला, की टीममधल्या दहाही जणांनी चांगले काम केले तरी कुणाला तरी तळाचे रेटिंग द्यावेच लागते. आणि नेहमीच्या भरतीत फ्रेशरचा पगार दशकाहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळला. महागाई मात्र थांबली नाही.

एवढा त्रास असेल तर सोडून जा, असे सांगितले जाते. लोक गेलेही. 2022 मध्ये इन्फोसिसमधून नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण 28 टक्क्यांवर पोहोचले होते. पण ते गेले बहुधा तशाच दुसऱ्या कंपनीत. पगार वाढला, रचना तीच राहिली. शिवाय मागणी ओसरली की हा मार्गही बंद होतो. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12 हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेही प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतले. म्हणजे ज्या अनुभवाने माणूस उतरंडीत वर चढला, तोच त्याला महाग ठरवून गेला.

जागतिक स्पर्धेत याला इलाज नाही, हे मला पटत नाही. बेंचचा काळ नव्या कौशल्याच्या शिक्षणासाठी राखून ठेवणे, कोटा न लावता कामावरून रेटिंग देणे, फ्रेशरचा पगार महागाईशी जोडणे, यांतले काहीच अशक्य नाही. 1994 मध्ये इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना शेअर देऊन नफ्यात वाटेकरी केले, तेव्हा ती आजच्या मानाने लहानशी कंपनी होती. लहानपणी ज्या उद्योगाला माणसांना वाटा देणे परवडले, त्याला आता निदान त्यांची कदर करणे परवडत नाही, हा युक्तिवाद हिशेबात बसत नाही.