अपडेट फेल होतंय? आधी घड्याळ बघा!

रात्रीचे साडेअकरा. सकाळी दहाला डॉक्युमेंटरीचं सबमिशन. फाइल तयार, फक्त ड्राइव्हवर टाकायची बाकी. आणि घरच्या कम्प्युटरवर ड्राइव्हच उघडेना! ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढाच मेसेज.

खरं तर तीन आठवड्यांपासून कम्प्युटर काहीतरी सांगत होता. विंडोजचं अपडेट सारखं फेल व्हायचं. बाबा म्हणाले, ‘बंदच करून टाक ना ते अपडेट!’ मी नेटला शिव्या घालून मोकळी.

त्या रात्री सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख, १ जानेवारी २०१५! आमचा पीसी चक्क शाळेत होता.

झालं असं की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. भिंतीवरचं बटण बंद केलं की तारीख मागे. वेबसाइट असो की अपडेटचा सर्व्हर, तो आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यावर मुदतीच्या तारखा असतात. २०१५मध्ये अडकलेल्या पीसीला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं दिसत नाही, म्हणून तो दार उघडत नाही. तारीख हाताने बदलली आणि ड्राइव्ह उघडला. दुसऱ्या दिवशी सीआर २०३२ नंबरचा सेल आणून बसवला. मग अपडेटही गुपचूप झालं.

तुमचंही अडलंय? मग या क्रमाने बघा. आधी तारीख-वेळ. मग सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का? सिनेमे दुसरीकडे हलवा. मग एकदा नीट रीस्टार्ट. तरी नाही जमलं, तर सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. शेवटी स्क्रीनवरचा एरर कोड जसाच्या तसा सर्च करा.

ऐन सबमिशनमध्ये अपडेट नको असेल, तर ‘पॉज’ आहे. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ लावले, तर त्या वेळात पीसी आपणहून रीस्टार्ट होत नाही. पण इन्स्टॉल सुरू झालं की मध्येच बटण बंद करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आणि कायमचं बंद? अजिबात नको. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या कम्प्युटरवरच्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनाही फटका बसला. त्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, हेही लक्षात असू द्या.

माझं सबमिशन वेळेत झालं. बाबा मात्र आता रोज पीसी लावला की आधी तारीख वाचतात. मोठ्याने!