टाचेखालची चार बोटं

आषाढी अमावास्येला, म्हणजे जिवतीच्या दिवशी, गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या गावांत बांबू चिरायला घेतात. सालेकसा, आमगाव, देवरी हा पट्टा एका अंगाने छत्तीसगडला आणि दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेशातल्या बालाघाटला लागलेला. सीमेपलीकडे त्याच दिवशी हरेली असते. तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून पंचांगात ती श्रावणातली अमावास्या ठरते; चिखल मात्र दोन्हीकडे सारखाच. या दिवशी पोरांसाठी गेडी बांधायची, ती पोळ्यापर्यंत मिरवायची, अशी ही महिनाभराची मौज.

गेडी म्हणजे बांबूचे दोन उंच दांडे आणि त्यांवर जमिनीपासून हात-दीड हात वर बांधलेली पाय ठेवायची पट्टी. वर्णन इतक्यातच संपतं, म्हणून ही वस्तू फार सोपी असेल असं वाटतं. बघ्यांचं लक्षही उंचीवरच खिळतं. कुणाचा पाय किती वर, कोण कुंपणाच्या पलीकडचं बघू शकतो, यावरच पोरांच्या पैजा लागतात. पण पोरगं दहा पावलांत खाली येणार की पुऱ्या गावाला फेरी मारून येणार, हे दांड्याची उंची ठरवत नाही. ते ठरतं त्या पट्टीवर, आणि त्यातही तिच्या मागच्या चार बोटांवर, जिथे टाच टेकते किंवा टेकत नाही.

आधी दांडा. पूर्व विदर्भाच्या जंगलात जो बांबू मुख्यत्वे सापडतो तो मानवेल. त्याचं खोड जवळजवळ भरीव असतं, कोरड्या जंगलात तर पोकळी नावापुरतीच. जाड, पोकळ बांबूंपेक्षा हा दिसायला किरकोळ, पण वजन पेलायला खमक्या. तरी बांबू तो बांबूच, उभा चिरला जाणं हा त्याचा धर्म. भोक पाडायचं तर पेराच्या लगत वर पाडावं, म्हणजे चीर निघालीच तरी पेरावर येऊन थांबते. दोन्ही दांड्यांवर सारख्या उंचीला अशी जागा सापडायला हवी, म्हणून दांडे निवडताना जाणता माणूस दोन बांबू शेजारी धरून पेरं जुळतात का ते पाहतो. लांबी नंतर कापता येते, पेर सरकवता येत नाही.

त्या भोकात खुंटी बसते, आणि खुंटीवर पट्टी. पट्टीसाठी वीतभर बांबूचा तुकडा मधोमध चिरतात, दोन फाळक्यांच्या चिमट्यात दांडा धरतात आणि वरून काथ्याची दोरी गच्च आवळतात. सीमेपलीकडे या भागाला पऊवा म्हणतात. नैसर्गिक धाग्याची दोरी भिजली की आखडते, त्यामुळे पावसात गाठ आणखी पक्की होते. उन्हाची तिरीप आली की तीच दोरी सैल पडून बांबूवर घासते आणि रच्‌रच् असा आवाज काढते. हा आवाज दोष नव्हे. त्यासाठी छत्तीसगडात दोरीवर मुद्दाम रॉकेल टाकतात. ज्याची गेडी जास्त वाजते त्याची ऐट जास्त.

आता टाच. दांडा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरला की पाऊल दांड्याच्या मागे पसरतं. पट्टी आखूड असेल तर चवड्यापाशीच संपते आणि टाच हवेत राहते. पाच-दहा मिनिटं मजा वाटते. मग पोटऱ्या भरून येतात, कारण लोंबणारी टाच वर धरून ठेवायचं काम सगळं त्यांनाच करावं लागतं. पोटरी दमली की टाच खाली जाते, अंग मागे झुकतं आणि स्वारी चिखलात.

उपाय सरळ दिसतो: पट्टी मागे वाढवा. इथेच खरी गोम आहे. चाळीस किलोचं पोरगं एका पायावर आलं आणि त्याचा भार दांड्यापासून सहा सेंटिमीटरवर पडला, तर आठ सेंटिमीटर उंचीच्या बांधणीला साधारण तीस किलोची ओढ सोसावी लागते. टाचेपर्यंत पट्टी नेली, भार बारा सेंटिमीटरवर गेला, की तीच ओढ साठ किलोची होते. पोरगं तेच, दोरी तीच, ताण दुप्पट. पायाला आराम द्यावा तर गाठ सुटते, गाठ जपावी तर पाय दुखतो. म्हणून नुसती लांब पट्टी बांधणाऱ्याची गेडी दुसऱ्याच दिवशी मान टाकते. लांब पट्टीच्या मागच्या टोकाखाली तिरपा टेकू द्यावा लागतो, बांबूची एक कामटी पट्टीच्या टोकापासून खाली दांड्याकडे नेऊन बांधायची. त्रिकोण झाला की भार दोरीवर लोंबत नाही, कामटीवाटे दांड्यात उतरतो. वरून पाचरीएवढा लाकडाचा तुकडा किंवा जुन्या चिंधीची घडी टाचेखाली ठेवली, की धारदार बांबू पायाला लागत नाही. सगळा मिळून चार बोटांचा मामला.

हेच कोडं बर्फातल्या लोकांनाही पडलं आहे, आणि त्यांनी त्यावर बक्कळ पैसा खर्च केला आहे. लिफ्ट नसलेल्या डोंगरात स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब फळ्या, पायाला लावूनच वर चढायचं आणि मग त्याच स्कीवरून घसरत उतरायचं, असा एक प्रकार युरोपात फार लोकप्रिय आहे. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना ती जखडलेली हवी. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात यासाठी बूट स्कीला जोडणारं कमालीचं हलकं बंधन तयार केलं: बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी दोन पिना, टाचेला मागून दोन पिना. पुढे डायनाफिट कंपनीने ते बाजारात आणलं आणि जुनी अवजड बंधनं मागे पडली. पण या युक्तीत बुटाची टाच मागच्या दोन पिनांवर अधांतरी राहते, तिच्याखाली स्कीला टेकलेलं काही नसतं. जोरात उतरताना सगळा दाब त्या दोन काड्यांवर येतो. मग लोकांनी टाचेखाली आधाराचे ठोकळे बसवायला सुरुवात केली. एटीके ही इटालियन कंपनी तर असा ठोकळा आपल्या काही बंधनांसोबत देते. बुटाची टाच त्यावर टेकते आणि दाब पिनांना वळसा घालून थेट स्कीत उतरतो. देवरीतला टेकू आणि आल्प्समधला ठोकळा एकच काम करतात. फरक इतकाच, की तिकडे त्या ठोकळ्याने वजन किती ग्रॅमने वाढलं यावर वाद होतात आणि इकडे कामटी फुकट असते.

स्की आणि गेडी यांचं बाकी सगळं मात्र उलटं आहे, आणि ते समजून घेणं मोलाचं. स्की वजन पसरवते, म्हणून माणूस भुसभुशीत बर्फात रुतत नाही. गेडी वजन एका टोकावर गोळा करते. चार सेंटिमीटर जाडीच्या दांड्याचं टोक जेमतेम साडेबारा चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर चाळीस किलो म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला तीन किलोंहून जास्त. अनवाणी तळव्यापेक्षा हा दाब कितीतरी पट मोठा. म्हणजे गेडी चिखलावर चालतच नाही. ती चिखलातून आरपार जाते आणि खालच्या मुरमावर उभी राहते.

म्हणूनच शेतकरी पूर्वी गेडीवरून शेतात काम करत, असं कुणी कौतुकाने सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. धानाच्या बांधीत रोवणीसाठी केलेल्या गाऱ्याला वरच्या थरात टणक तळ नसतो. तिथे दांडा खोल रुतेल आणि उपसायला दोघं लागतील. रोवणी करणाऱ्या बायांना दिवसभर त्या पाण्यात अनवाणीच उभं राहावं लागतं आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या त्यांच्या वाट्याला येतात. गेडीने त्यांचं दुःख कधीच हलकं केलं नाही. गेडीची हद्द गल्लीची: वर घोट्याएवढा राडा, खाली बैलगाड्यांनी ठोकून घट्ट केलेली जमीन. ती गल्ली असेपर्यंत गेडीला काम होतं.

जमीन बदलली की काठ्यांचं काय होतं, ते फ्रान्समध्ये दिसलं. त्या देशाच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा प्रदेश आहे. तिथल्या दलदलीच्या माळावर मेंढपाळ १९ व्या शतकात उंच काठ्यांवर चालत आणि तिसऱ्या काठीला टेकून, बसल्यासारखे उभे राहून, लोकर विणत. त्यांची टाचेची अडचण त्यांनी वेगळ्या वाटेने सोडवली. लाकडी पायठाणावर पूर्ण पाऊल ठेवायचं आणि काठी पट्ट्याने पायालाच बांधून टाकायची. हात मोकळे झाले. याच प्रदेशातला सिल्व्हँ दोर्नों १८९१ मध्ये पॅरिसहून मॉस्कोपर्यंत अशा काठ्यांवर चालत गेला. मात्र १८५७ साली फ्रान्सने कायदा करून ती दलदल निचरून पाइन लावायला घेतले होते. पाणी गेलं, मेंढ्या गेल्या, काठ्या जत्रेतल्या खेळापुरत्या उरल्या.

गेडीकडे परत येऊ. छत्तीसगडातल्या बस्तरच्या मुरिया गोंडांत गेडीवरचा नाच आहे, त्याला डिटोंग म्हणतात. घोटुलातली, म्हणजे तरुणांच्या सामाईक घरातली, मुलं गेडीवर उभी राहून ठेका धरतात, एकमेकांना हूल देतात, गोल फिरतात. नाचात टाचेला आधार नसेल तर ठेकाच धरता येणार नाही, कारण उडी मारून खाली येताना सगळं वजन एकदम पट्टीवर आदळतं. मुरियांच्या परंपरेत घोटुल लिंगो या देवपुरुषाने सुरू केलं. त्याच लिंगोच्या, पारी कुपार लिंगोच्या, नावाने सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी माघी पौर्णिमेला देशभरातले गोंड जमतात. त्यामुळे गोंदियातली गेडी छत्तीसगडातून आली की तिथे गेली, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. राज्याची रेघ पुष्कळ नंतर आली आणि गोंदिया जिल्हा तर १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला.

पलीकडच्या सरकारने मात्र गेडीला मानाचं पान वाढलं. २०१९ पासून छत्तीसगडात हरेलीची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल स्वतः गेडीवर चढले आणि २०२२ मध्ये भरलेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये गेडीची शर्यत आली. शर्यत आली की कारागिरी बदलते. मौजेच्या गेडीत आवाज हवा, म्हणजे दोरी जराशी ढिली हवी; शर्यतीत ढिली दोरी म्हणजे हार. उंची कमी ठेवून पट्टी रुंद करणं फायद्याचं, कारण लांब टांगेपेक्षा न पडणं जास्त महत्त्वाचं.

बांबू मिळवण्याची कटकट मात्र दोन्ही राज्यांत होती. कायद्याने बांबू वर्षानुवर्षं झाड मानला जात होता. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये आपला बांबू विकायचे वाहतूक परवाने हाती मिळाले, ती देशभर गाजलेली बातमी झाली. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. बांधावर बेट असेल तर आता गेडीसाठी दोन दांडे तोडायला कुणाची भीती नाही. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, पण महिनाभराच्या गेडीला भुंग्याची चिंता कशाला?

खरी पंचाईत सिमेंटच्या रस्त्यांनी केली. मुरमात रुतून पक्की उभी राहणारी गेडी ओल्या सिमेंटवर घसरते, आणि तिथे पडलं तर चिखलासारखं हसण्यावारी जात नाही. दांड्याच्या टोकाला जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा तारेने आवळला की घसरण थांबते. पण मग टोकाला रबर असलेली गेडी चिखलात नेली की राडा रबराखाली चिकटून वजन वाढतं. गावात दोन्ही प्रकारचे रस्ते असतील तर रबर काढता-घालता येईल असं बांधावं आणि टायरचा तसाच एक तुकडा, नक्षी वर करून, पट्टीवर टाचेखाली ठोकावा: पावसात ओल्या बांबूवरून टाच सटकते, ती मग सटकत नाही.