एक्झॉस्ट गळती (मोटारवाहन)

इंजिनात जळालेले वायू मागच्या नळीच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच मधल्या एखाद्या सांध्यातून, तड्यातून किंवा गंजून पडलेल्या छिद्रातून बाहेर निसटतात, तेव्हा त्या बिघाडाला एक्झॉस्ट गळती असे म्हणतात. मराठी बोलण्यात या सर्व प्रकारांसाठी ‘सायलेन्सर फुटला’ एवढेच म्हटले जाते. प्रत्यक्षात सायलेन्सर हा या मार्गाच्या शेवटाकडील भाग आहे, तर सर्वांत त्रासदायक गळती बहुधा त्याच्या बरीच पुढे, इंजिनाला लागून असते. अशी गळती झाल्यावर गाडीचा आवाज वाढतो व इंधन जास्त लागते. मात्र तिचा खरा धोका विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू प्रवाशांपर्यंत पोहोचण्याचा आहे.

रचना

प्रत्येक सिलिंडरमधून निघणारे वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात. मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला नटबोल्टांनी आवळलेला असतो आणि दोहोंमध्ये गॅसकेट असते. त्यालाच गॅरेजमध्ये ‘पॅकिंग’ म्हणतात. पुढे ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचे हेलकावे सोसणारा जाळीदार लवचीक पाईप, सायलेन्सर आणि शेवटची नळी असा क्रम असतो. डिझेल गाडीत मॅनिफोल्डनंतर लगेच टर्बोचार्जर येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो.

कारणे

मुख्य कारण उष्णतेचे आहे. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ६०० अंश सेल्सियसने तापला, तर तो सुमारे अडीच मिलिमीटरने वाढतो. त्याला जोडलेले ॲल्युमिनियमचे हेड पाण्याने थंड ठेवलेले असल्यामुळे तेवढ्याच लांबीत एक मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक प्रत्येक फेरीला गॅसकेटने व बोल्टांनी सोसावयाचा असतो. टोकाच्या बोल्टांवर त्याचा ताण सर्वाधिक पडतो, म्हणून तुटलेला बोल्ट बहुधा टोकाचाच निघतो.

दुसरे कारण पाण्याचे. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपाने जवळपास एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते. मात्र गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते सायलेन्सरच्या तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो. थंडीच्या सकाळी नळीतून पाणी ठिबकणे हा बिघाड नव्हे. अनेक सायलेन्सरांच्या तळाशी पाणी निघून जावे म्हणून कंपनीनेच एक बारीक छिद्र ठेवलेले असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवल्यास सायलेन्सर लवकर कुजतो.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेकाठचे तालुक्याचे गाव या दोन्ही प्रकारच्या वापराचे उदाहरण म्हणून घेता येते. या तालुक्यातून मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. अशा मार्गावर उन्हाळ्यातील भर दुपारी तासन्‌तास वेगाने चालणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड सतत तापलेला राहतो. तीच गाडी खेड्याच्या रस्त्याला लागली, की उंच गतिरोधकाला व चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला खालचा पाईप घासतो आणि लवचीक पाईपची जाळी फाटते. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले असेल, तर सगळे वजन पुढच्या सांध्यावर येऊन तोही उघडतो.

निदान

मॅनिफोल्डची गळती थंड इंजिनावर ओळखावी. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताच ‘टिकटिक’ असा आवाज येतो व पाच-दहा मिनिटांत धातू फुगून फट मिटली की तो मंदावतो. हाच आवाज टॅपेटचा समजून व्हॉल्व्हची जुळवणी करून घेण्याची चूक वारंवार होते, कारण दोन्ही आवाजांची लय सारखीच असते. भेद असा, की गळतीचा आवाज गाडीवर भार आल्यावर, म्हणजे चढावर किंवा जोराने ॲक्सिलरेटर दाबल्यावर ठळक होतो. टॅपेटचा आवाज भाराने फारसा बदलत नाही.

आवाजाची जागा शोधण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांजवळून फिरवतात. गरम पाईप व फिरता पंखा यांपासून नळी दूर ठेवणे आवश्यक आहे. गळतीच्या जागी बहुधा काजळीचा काळा पट्टा, पेट्रोल गाडीत कधी करडा डाग दिसतो. मागच्या नळीच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबल्यास आतील दाब वाढून लहान गळतीही ‘फुस्स’ करते. मार्ग घट्ट असेल तर इंजिन गुदमरू लागते. फडके दाबूनही ते सहज चालत राहिले, तर वायूला दुसरी वाट आहे असे समजावे. याहून खात्रीची रीत म्हणजे बंद व पूर्ण थंड गाडीच्या मागच्या नळीत व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या झोताने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडणे. बुडबुडे येतील तेथे गळती असते. फक्त पाणी जाण्याच्या छिद्रावरील बुडबुडे त्यातून वगळावेत. गाडीखाली शिरताना ती नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये.

ऑक्सिजन सेन्सरच्या पुढील गळती इंजिनाच्या संगणकालाही फसवते. वायू ठोक्याठोक्याने वाहतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे मानून ते वाढवतो, आणि मायलेज घटून डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. अशा वेळी निर्दोष सेन्सर बदलण्यात पैसे जातात. नवा सेन्सरही तेच सांगतो, कारण त्याच्यापर्यंत येणारी हवाच भेसळीची असते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोच्या आधीची गळती ताकद कमी करते.

आरोग्याचा धोका

कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जुळतो. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांसाठी सुचवलेली मर्यादा दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ९० भागांच्या आतबाहेर आहे. भारत स्टेज ४ ची पेट्रोल मोटार पीयूसी चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी ०.३ टक्के, म्हणजे दहा लाखांत ३००० भाग इतकी मुभा असते, आणि ती कन्व्हर्टरमधून शुद्ध होऊन आलेल्या धुराची असते. मॅनिफोल्डमधून गळणारा धूर कन्व्हर्टरच्या आधीचा असल्यामुळे त्यात हे प्रमाण पुष्कळच जास्त असू शकते.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर व गुंगी ही विषबाधेची लक्षणे ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. गाडीतील अनेकांना एकाच वेळी असा त्रास होऊन खाली उतरल्यावर तो ओसरत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. पोती किंवा लांब सामान भरून डिकी उघडी ठेवून गाडी चालवणे विशेष धोक्याचे आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उघड्या डिकीतून आत खेचला जातो. त्रास जाणवताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे व रुग्णालय गाठावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये.

दुरुस्ती

गॅसकेट गेले असेल तर ते बदलताना मॅनिफोल्डचा तळ सरळ पट्टीने पाहावा; तो वाकला असल्यास लेथवर सपाट करून घ्यावा लागतो, अन्यथा नवे पॅकिंगही टिकत नाही. बोल्ट मधून कडेकडे, कंपनीने दिलेल्या मापानुसार आवळतात. पत्र्याच्या पाईपला वेल्डिंग चालते. बिडाच्या मॅनिफोल्डला मात्र आधी तापवून निकेलच्या कांडीने केलेले वेल्डिंगच धरते. साध्या कांडीचा टाका थंड होताच शेजारी नवा तडा जातो. बाजारातील लेप व पट्ट्या गाडी घरी आणण्यापुरत्या उपयोगी आहेत. गाडीवरच वेल्डिंग करताना बॅटरीची जोडणी काढून ठेवतात.

हेडरचा पर्याय

मॅनिफोल्ड फुटल्यावर काही गाडीमालक त्याच्या जागी हेडर बसवण्याचा विचार करतात. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी ठरावीक लांबीची स्वतंत्र नळी असलेला, बहुधा स्टेनलेस स्टीलचा संच. १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात १ व ४ आणि २ व ३ या नळ्यांच्या जोड्या करून मग त्या एकत्र आणतात. त्यामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, उलट पुढे गेलेला ठोका मागच्याला ओढून घेतो. चारही नळ्या एकदम जोडल्यास फायदा वरच्या आरपीएमला सरकतो. रोजच्या वापराच्या गाडीत, संगणकाची फेरजुळवणी न करता, हा फायदा क्वचितच जाणवण्याइतका असतो.

स्टेनलेस स्टील बिडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. पातळ नळी, जास्त सांधे आणि जास्त हालचाल यांमुळे स्वस्त हेडर हेच पुढच्या गळतीचे कारण ठरू शकते. नव्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर बसवताना तो निघून जातो. चाकण येथे जुळणी होणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांच्या १.० टीएसआय इंजिनासारख्या काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडच्याच ओतकामात सामावलेला असल्याने हेडरचा प्रश्नच उरत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो. धूर व आवाजाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुणे व नागपूर येथे पोलिसांनी जप्त केलेले बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. ही मोहीम मुख्यतः दुचाकींच्या कर्कश आवाजाविरुद्ध होती. तथापि कन्व्हर्टर काढलेली मोटारही त्याच कलमाच्या कक्षेत येते.