पावशेर कोणत्या शेराचा?

पुण्याच्या मंडईत आजही ‘पावशेर मिरची’ मागितली जाते आणि विक्रेता बिनदिक्कत अडीचशे ग्रॅम तोलून देतो. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर धरला तर मात्र पावशेर सुमारे २३३ ग्रॅमच भरतो. १९५६च्या कायद्याने दशमान वजने आणली, शब्द तोच राहिला, माप बदलले. सी या संगणकभाषेत असा पेच वारंवार पडतो, कारण प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तीच ओळ कोणत्या मानकाने वाचतो, यावर तिचा अर्थ ठरतो.

कर्निगन आणि रिची यांचे सीवरील १९७८चे पुस्तक हेच आरंभी प्रमाण मानले जाई. १९८९मध्ये अमेरिकी मानक ठरले आणि पुढे १९९९, २०११, २०१८ व २०२४ साली आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांपैकी शेवटची ‘सी२३’ म्हणून ओळखली जाते. जुन्या मानकांत फलनाच्या, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या उपप्रोग्रामच्या, नावापुढील रिकाम्या कंसाचा अर्थ ‘आत काय येईल ते सांगितलेले नाही’ असा होता. सी२३मध्ये तोच कंस ‘आत काहीही येणार नाही’ असे बजावतो, त्यामुळे अशा फलनाला दोन संख्या देणारा जुना प्रोग्राम आता चुकीचा ठरतो.

जीसीसी या मुक्त कंपायलरला ‘एसटीडी’ हा पर्याय देऊन मानक सांगता येते. न सांगितल्यास तो स्वतःचे गृहीत मानक लावतो, आणि ते २०१५च्या पाचव्या आवृत्तीत ‘जीएनयू८९’वरून ‘जीएनयू११’वर, तर २०२५च्या पंधराव्या आवृत्तीत ‘जीएनयू२३’वर गेले. ‘जीएनयू’ हे उपपद म्हणजे मानक अधिक कंपायलरची स्वतःची भर. नुसते ‘सी१७’ (म्हणजे २०१८चे मानक) लिहिले म्हणून मानकाबाहेरचे सारे नाकारले जाते असेही नाही; त्यासाठी ‘पेडँटिक एरर्स’ हा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

मंडईजवळच्या अप्पा बळवंत चौकातून सीची पुस्तके नेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकल्या. त्यातली पडदा पुसणारी ‘कोनिओ’ फाइल कोणत्याच मानकात नाही, त्यामुळे तिथे मानक निवडूनही उपयोग नाही. उरलेल्या जुन्या प्रोग्रामांसाठी उपाय सोपा आहे: प्रात्यक्षिकाच्या वहीत नाव आणि तारखेखाली मानक व कंपायलरची आवृत्तीही लिहावी.