समुपदेशकासमोरचे मौन

अमेरिकेतील व्यसनमुक्ती केंद्रांत एक शब्द वारंवार कानी पडतो: ‘नाकबुली’. रुग्ण तुटक उत्तरे देतो, व्यसनाविषयी बोलण्याचे टाळतो, म्हणजे तो अद्याप स्वतःचा आजार मान्य करीत नाही, असे नोंदवून समुपदेशक मोकळा होतो. परंतु समुपदेशक गोरा आणि रुग्ण कृष्णवर्णीय असेल, तेव्हाही या मौनाचा अर्थ तोच लावावा काय?

साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन शहरात १९८९ साली एका सार्वजनिक रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन सापडते का हे तपासून निष्कर्ष पोलिसांच्या हवाली करण्याचा प्रघात पाडला. उपचार घ्या, नाही तर तुरुंगात चला, असा हा खाक्या होता. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. संमतीवाचून केलेली अशी तपासणी घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २००१ साल उजाडले. डॉक्टरच्या टेबलावरून निघालेला कागद पोलीस ठाण्यात पोहोचतो, हे ज्या वस्तीने डोळ्यांनी पाहिले, तिथल्या माणसाने समुपदेशकापुढे मन मोकळे करावे, ही अपेक्षाच मुळी भाबडी आहे.

हा अनुभव एकाच शहराचा नाही. अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ या काळात उपदंशाच्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय रुग्णांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचारांपासून वंचित ठेवले. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला तीच किमान पाच वर्षांची कैद ठरविली, जी ५०० ग्रॅम कोकेनच्या पुडीला होती. आणि क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये हे शंभरास एक प्रमाण अठरास एकवर आणले गेले. (यालाही तिकडे सुधारणा म्हणतात!) ग्रिअर आणि कॉब्ज या दोन कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ सालीच ‘ब्लॅक रेज’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, अशा समाजातील संशयीपणा हा रोग नसून जगण्यासाठी कमावलेले शहाणपण आहे.

यावर सुचविला जाणारा सोपा उपाय असा की, कृष्णवर्णीयांसाठी कृष्णवर्णीय समुपदेशक नेमावेत. ते अवश्य नेमावेत. पण तेवढ्याने भागणार नाही. न्यायालयाने पाठविलेल्या रुग्णाचा अहवाल जर समुपदेशकाला न्यायाधीशाकडे धाडावा लागत असेल, तर त्याच्या कातडीचा रंग रुग्णाला कितीसा धीर देणार? न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयात १९७० साली यंग लॉर्ड्स या प्वेर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने ब्लॅक पँथर्सच्या साथीने (ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला) व्यसनमुक्तीचा उपक्रम उभा केला. तिथे काम करणारे अनेकजण त्याच वस्तीतले, काही तर स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, आणि मुख्य म्हणजे ते सरकारचे कान नव्हते. १९७८ मध्ये प्रशासनाने पोलीस आणून त्यांना बाहेर काढले.

तेव्हा गोऱ्या समुपदेशकाने करायचे काय? पहिल्याच भेटीत आपण काय लिहितो, ते कोण वाचतो आणि न्यायालयाकडे त्यातले काय जाते, हे स्पष्ट सांगावे. उपचारांच्या गुप्ततेचा कायदा १९७० च्या दशकापासून आहे हे खरे. परंतु न्यायालयामार्फत आलेल्या रुग्णाकडून बहुधा आधीच संमतीपत्रावर सही घेतलेली असते. त्यानंतर वर्णाचा विषय समुपदेशकानेच काढावा. माझ्याशी बोलणे तुम्हांला अवघड जाते काय, असे सरळ विचारावे. विषय काढल्याने नसता काटा टोचेल, असा आक्षेप काहीजण घेतात. काटा रुतलेलाच आहे; तो न पाहण्याची सवलत फक्त गोऱ्या माणसाला असते. ‘मला रंग दिसतच नाही’ हे उदार वाटणारे वाक्य ऐकून समोरचा रुग्ण अधिकच मिटून जातो, आणि मग त्याच्या नावापुढे पुन्हा ‘नाकबुली’ अशी नोंद होते.

२०२० साली मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे लोकसंख्येमागील प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांहून अधिक झाले. पहिल्या भेटीतच उठून गेलेला रुग्ण केव्हातरी परत येईल, या भरवशावर केंद्रांना आता राहता येणार नाही.